सात नंबरच्या डोंगराचा श्वास

"हा माझ्या अब्बांचा हात आहे," रुक्सार म्हणाली आणि तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

राजेंद्रनं चष्मा पुसून फोटो पाहिला. काळसर खडक होता आणि त्यावर एक हिरवा हात उमटला होता. पण पुरा हात नव्हता. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधल्या बोटाची एक कड, एवढंच. विळीवर धरून चिरावा तसा हात तिथं सरळ रेषेत संपला होता.

"रंग आहे का?" संध्यानं विचारलं.

"शेवाळ आहे, मॅडम. आठ दिवसांपूर्वी दिसलं. रोज जरा जास्त हिरवं होतंय. अंगठ्याशेजारचं बोट बघा, अर्धंच आहे. अब्बांचं ते बोट पंधरा वर्षांपूर्वी कटरमध्ये गेलं."

औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावर संध्या वाघचौरेचं ऑफिस होतं. पूर्वी ती वीज कंपनीसाठी फेरफार केलेले मीटर शोधायची. आता माणसं शोधायची. राजेंद्र तिचा मेहुणा. तीस वर्षं त्यानं जमिनी मोजल्या, नकाशे काढले. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको, म्हणजे संध्याची थोरली बहीण आशा, गेली. तेव्हापासून संध्या त्याला रोज ऑफिसात बोलवून घ्यायची. "दाजी, तुम्ही असले की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो," असं म्हणायची. खरं कारण दोघांनाही माहीत होतं.

"सगळं पहिल्यापासून सांग," संध्या म्हणाली.

रुक्सारनं सांगितलं. तिचे वडील जहांगीर मिस्त्री सिमेंटचे डोंगर बनवायचे. आधी सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. सिमेंट ओलं असताना त्यावर रबरी ठसे दाबले की हुबेहूब खडक दिसतो. वेरूळच्या रस्त्याला शिवराज सांडूंच्या शेतात मिनी गोल्फचं मैदान होत होतं. लेण्यांसारखे अठरा डोंगर, प्रत्येकाजवळ एक भोक, काठीनं चेंडू मारायचा आणि भोकात घालायचा. दीड वर्षापासून मिस्त्री तिथंच राबत होते.

"पोळ्याच्या दिवशी सकाळी कामावर गेले. परत आले नाहीत. आज बरोबर एक महिना झाला. त्यांची मोटरसायकल रेल्वे स्टेशनवर सापडली. पोलीस म्हणतात, कुठंतरी निघून गेले असतील. गल्लीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं दुसरी केली."

तिनं टेबलावरचा मोबाइल उलटा ठेवला.

"अम्मी रोज दोन ताटं वाढते. एक झाकून ठेवते आणि रात्री तसंच उचलते. मला विचारते, रुक्सार, नवरा गेल्याची इद्दत पाळू का वाट बघू? मी बायको आहे का बेवा? मॅडम, मला कुणाला शिक्षा नको. अम्मीला काय सांगू, तेवढं मला सांगा."

राजेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला. सकाळी त्याच्या हातून पुन्हा दोन कप चहा झाला होता. दुसरा त्यानं मोरीत ओतला होता. हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"उद्या जाऊ," संध्या म्हणाली. "तो हात तोवर तसाच राहायला हवा."

"म्हणून तर घाई आहे. इंजिनियर अभय साहेब म्हणतात, रंग मारून टाकू. पण कुणी मजूर ब्रश धरत नाही."

"मग उद्या नको," संध्या उठली. "दाजी, चला. आताच निघू."

दौलताबाद मागं पडलं. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती आणि ऊन चावत होतं.

राजेंद्र दोघींच्या मागून फाटकातून आत शिरला. लांबून तो खडकांचा डोंगर वाटत होता. जवळ आल्यावर प्रत्येक खडक ओळखीचा वाटूनही परका दिसत होता. त्यानं एका कड्यावर बोटानं टकटक केली. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. एवढा मोठा कडा, आणि आत काहीच नाही.

मालक शिवराज सांडू समोर आले. पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल.

"या ताई. ह्या पोरीनं तुमालाबी घाबरवलं वाटतं? वेरूळचं खरं बघून लोक परत निघतात, तवा इथं थांबून माझं खोटं बघतील, असा इचार होता. दसऱ्याला उद्घाटन आहे. अन् आता मजूर म्हणतात, सातमधी मिस्त्री बसलाय."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी नारळ फोडला. लिंबू बांधलं. आणखी काय करू?"

सात नंबरचा डोंगर मैदानाच्या मधोमध होता. दोन मजली उंच. त्याच्या पोटातून एक बोगदा जात होता. पोरांनी चेंडू मारत एका बाजूनं शिरायचं आणि दुसरीकडून निघायचं. बोगद्याच्या तोंडाशी नारळाच्या करवंट्या आणि विझलेल्या उदबत्त्या पडल्या होत्या.

चार वाजत आले होते. संध्या काही बोलणार, तेवढ्यात डोंगरानं श्वास सोडला.

दुसरा शब्दच नव्हता त्याला. लांब, घोगरा, थकलेला श्वास. मधेच थांबला, पुन्हा सुटला. दवाखान्यातल्या शेवटच्या तीन रात्री आशाचा श्वास असाच यायचा. थांबला की तो मनात आकडे मोजायचा. आताही त्याच्या नकळत त्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

"दाजी." संध्यानं त्याच्या कोपराला हात लावला. "आवाज कुठून येतोय?"

वर, धबधब्यासाठी सोडलेल्या जागी, एक बोटभर रुंद भेग होती. शेजारी शिडी होती. संध्या चढली, मागोमाग राजेंद्रला चढायला लावलं, आणि त्याचा हात धरून भेगेवर ठेवला.

"काय वाटतं?"

"गार आहे," तो म्हणाला. "वास येतोय. बरेच दिवस झाकून ठेवलेल्या घागरीसारखा."

"आणि बाहेरून हा डोंगर?"

त्यानं दुसरा हात सिमेंटवर टेकला आणि चटकन उचलला. "तवा आहे नुसता."

संध्या उतरली. राजेंद्रला वाटलं, त्यात एवढं बघण्यासारखं तरी काय होतं.

"हे कधीपासून होतंय?" खाली आल्यावर तिनं विचारलं.

"पोळा झाल्यावर," शिवराज म्हणाले. "त्याच्या आधी कधीच नाय. आईशपथ."

बोगद्यात अंधार नव्हता, पण थंडावा होता. पावसाचा थेंबही तिथं पोचत नव्हता. डाव्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो हिरवा हात होता. बोटं आतल्या बाजूला वळलेली. फोटोत दिसलं नव्हतं ते आता दिसलं. तो ठेवलेला हात नव्हता, काहीतरी घट्ट धरलेला हात होता.

संध्या गुडघ्यावर बसून बराच वेळ पाहत राहिली. राजेंद्रला त्या हाताकडं बघवेना. तो शेजारच्या भिंतीवरच्या भेगा बघत बसला. नकाशे काढणाऱ्याची जुनी खोड.

"गंमत आहे," तो म्हणाला. "ही भेग बघ. आपली खाम नदी नकाशात जशी वळते, तशीच. अन् इथं शेजारी पुन्हा तीच. वळणसुद्धा तेच."

"पुन्हा म्हणा."

"तीच भेग, दोनदा. शेजारी शेजारी."

"दाजी," संध्या हळू म्हणाली, "तुम्हाला मी उगाच आणत नाही."

पत्र्याच्या शेडमध्ये आवडाबाई भाकरी थापत होती. साठीची बाई. मजुरांचा स्वयंपाक आणि डोंगरांना पाणी मारणं, दोन्ही कामं तिची.

"मिस्त्री लई भला माणूस," ती म्हणाली. "पोळ्याच्या सकाळी आला. सगळे मजूर गावाला गेलते, हा एकटाच. म्हणला, आवडाबाई, आंबट ताक दे बादलीभर. ताकात शेण कालवायचा अन् दगडाला फासायचा. मग त्याच्यावर शेवाळ धरतं, खरा डोंगर दिसतो."

"आणखी काही बोलले?"

"बोलला की. म्हणला, सातच्या बोगद्यात चेंडू टाकला की ढोलावानी वाजतं, बाकीच्यात वाजत नाय. पूर्वी इथं काय व्हतं? मी म्हणलं, काय असणार, मालकाच्या आज्याची हीर व्हती. मी लगीन होऊन आले तवा तिच्यावर धुणं धुवायचे. आता बुजवली. मग मी गेले पोळा बघाया."

"परत कधी आलात?"

"दिवस मावळायच्या आधी. अन् काय सांगू बाई, पुरणपोळी गोड लागली नाय त्या दिवशी. माझी तुर्रेवाली कोंबडी रिक्षाखाली गेली! साहेबाच्या रिक्षाखाली. गाडी आपली तिकडं वडाखाली उभी, अन् हे बसून आले रिक्षात. दुसरी कोंबडी देतो म्हणले. अजून पीसबी नाय दिलं."

राजेंद्रला हसू आलं. महिनाभरानं माणूस शोधायला यावं आणि कोंबडीची फिर्याद ऐकावी.

"डोंगरांना पाणी कोण सांगतं मारायला?" संध्यानं विचारलं.

"त्यो फळा हाय ना, त्याच्यावर आकडं लिवतात. मला अक्षर येत नाय, आकडं येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सात लिवलं व्हतं, अन् बोगद्याचं चित्र, अन् एकवीस. मी म्हणलं, सात तर कवाच झालाय. पण मिस्त्रीचं काम, काय राहिलं असंल. आत डाव्या हाताला ओलं गोणपाट लावलेलंच व्हतं. एकवीस दिवस दोन्ही टायमाला भिजवलं. मग काढलं, अन् हात दिसला." तिनं भाकरी परातीतच सोडली. "तवापासून मी त्या बाजूला जात नाय."

"फळ्यावर कोण लिहितं?"

"ज्याच्या हातात खडू, त्यो."

मिस्त्रींचा भाचा रिझवान अकरा नंबरच्या डोंगरावर काम करत होता. पंचविशीचा, हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले. मामाचं नाव काढताच त्यानं मान खाली घातली.

"मामूंशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

"भांडण नाही. डाट पडली. ठशावरून." त्यानं रबरी ठसा उचलून दाखवला. वेताळवाडीच्या की कुठल्या कड्यावरून मिस्त्रींनी स्वतः साचा घेतला होता. "ठसा एकच असतो, मॅडम. म्हणून दरवेळी तो फिरवून लावायचा. एकदा सरळ, एकदा उलटा, एकदा आडवा. मी घाईत दोनदा सारखा लावला, तर मामूंनी सबके सामने सगळं खरडून काढलं. म्हणाले, डोंगर स्वतःची नक्कल करत नाही."

बोलता बोलताही त्याचे हात चालू होते. ठसा दाबला, उचलला, मनगट वळलं, पुन्हा दाबला. तो बघतही नव्हता.

"पोळ्याला कुठं होतास?"

"इथल्या मजुराच्या, कडुबाच्या गावाला. देवगाव रंगारीला. जेवायला."

संध्यानं मान हलवली. पण बाहेर येऊन तिनं रुक्सारकडून कडुबाचा नंबर घेतला आणि फोन लावला. दोन मिनिटं बोलून तिनं फोन ठेवला.

"कडुबा म्हणतो, रिझवान त्याच्याकडं गेलाच नव्हता."

"मग झालं तर!" राजेंद्र म्हणाला. "पोरगा खोटं बोलला. चारचौघांत अपमान झालेला."

"खोटं बोलला हे खरं," संध्या म्हणाली.

इंजिनियर अभय साइट ऑफिसात पंख्याखाली बसला होता. चाळिशीचा, नीटनेटका, खिशाला दोन पेनं. त्यानं दोघांना पाणी दिलं.

"ती बुरशी आहे हो. दमट जागी येते. माणसाला हात दिसला की हातच दिसत राहतो."

"पोळ्याला तुम्ही इथं होता?"

"सुटी होती. दिवसभर घरी. मिसेसला विचारा."

"आणि तो श्वास?"

"पोकळ स्ट्रक्चर आहे. हवा तापते, भेगेतून निघते. साधं शास्त्र आहे, पण ह्या लोकांना कोण सांगणार?" तो खिडकीतून अकराकडं बघत म्हणाला. "बघा, कालचं प्लास्टर, अजून गोणपाट नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, पातळ कामाला एकवीस दिवस पाणी द्या. मिस्त्री लोक सातव्या दिवशी हात झटकतात. जहांगीरशी माझा तोच वाद होता. बाकी माणूस कलाकार."

"सात नंबर फोडून बघायचा म्हटलं तर?"

राजेंद्रला वाटलं, हा आता चिडेल. पण अभय शांतपणे म्हणाला, "खुशाल फोडा. समोरून वरच्या बाजूला फोडा, आत बॅटरी टाका. रिकामा आहे. मालक मात्र ऐकायचे नाहीत."

आणि खरंच, फोडायचं नाव काढताच शिवराज उसळले. "दसरा तोंडावर आलाय अन् माझा डोंगर फोडता? नाय. अजिबात नाय."

परतताना राजेंद्र दमला. मैदानामागं मुरमाचा मोठा ढीग होता, त्यावर तो टेकला. ढिगावर मनगटाएवढ्या जाड बुंध्याची एरंडाची झाडं वाढली होती. एरंडाची बोंडं त्याच्या सदऱ्याला घासत होती.

"मालक लपवतोय," तो म्हणाला. "नाहीतर रिझवान. इंजिनियर बिचारा फोडा म्हणतोय."

संध्या त्याच्याकडं बघत नव्हती. ती ढिगाकडं बघत होती.

"दाजी, ह्या झाडांचं वय काय असेल?"

"एरंडाचं? एवढी वाढायला वर्षभर तरी."

"म्हणजे हा मुरूम वर्षभर इथंच आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उतरला. "चला. फौजदारांना फोन करते. रुक्सारला मात्र उद्या दुपारपर्यंत काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सगळे बोगद्यात उभे होते. शिवराज, अभय, रिझवान, आवडाबाई, रुक्सार. पोलीस ठाण्यातून फौजदार आणि दोन शिपाई. हिरवा हात कालच्यापेक्षा गडद झाला होता.

"मला मालकांची परवानगी लागेल," संध्या म्हणाली. "पण आधी एक प्रश्न. शिवराजभाऊ, तुमच्या आजोबांची विहीर कुठं होती?"

"इथंच की. ह्या सातच्या खाली. काम सुरू व्हायच्या आधी बुजवली. मीच सांगितलं होतं, मुरूम टाकून गच्च भरा म्हणून."

"भरताना तुम्ही पाहिलंत?"

"नाय. मी द्राक्षाच्या गडबडीत होतो. मुरमाचे ट्रॅक्टर आलेले पाहिले."

"आले. पण ते मागं रिकामे झाले आणि मुरूम तिथंच राहिला. त्यावर वर्षाची एरंडं उभी आहेत." ती वळली. "अभयसाहेब, तुम्ही म्हणालात, पोकळीतली हवा तापते आणि बाहेर येते. खरं आहे. पण मग ती गरम यायला हवी. हा डोंगर बाहेरून तव्यासारखा तापलेला असतो आणि त्याच्या भेगेतून गार हवा येते. तिला जुन्या पाण्याचा वास आहे. ती हवा डोंगराची नाही, त्याच्या खालची आहे. झाकलेल्या जुन्या विहिरी असा श्वास घेतात. पहाटे आत, दुपारी बाहेर."

आवडाबाईनं तोंडाला पदर लावला.

"मग पोळ्याच्या आधी का येत नव्हता?" फौजदारांनी विचारलं.

"कारण विहिरीचं तोंड बंद होतं. पोळ्याला ते उघडलं. मिस्त्रींना इथला आवाज ढोलासारखा वाटत होता. त्यांनी आवडाबाईंना विचारलं, इथं काय होतं. विहीर होती म्हटल्यावर त्यांना चैन पडलं नसणार. ह्या बोगद्यातून पोरं जाणार होती. सगळे गावाला गेलेले. त्यांनी ही भिंत खालून फोडली, आत डोकावले. वरची माती उकरल्यावर त्यांना मुरूम नाही, विहिरीच्या तोंडावर टाकलेल्या फरशा दिसल्या."

"तसं असतं तर भोक दिसलं असतं," अभय म्हणाला.

"दिसतंय. दाजी, खाम नदी दाखवा."

राजेंद्रनं बोट ठेवलं. एक भेग, आणि तिच्या शेजारी तीच भेग.

रिझवान पुढं झाला आणि मटकन खाली बसला. "हे मामूंचं नाही," तो म्हणाला. "ठसा फिरवलेला नाही. या अल्ला, मी रोज इथून जातो."

"तुझंही नाही," संध्या म्हणाली. "तू न बघता ठसा फिरवतोस, तुझ्या मनगटाला सवय आहे. हा तुकडा अशा माणसानं भरलाय ज्यानं ठसे पाहिलेत, पण हातानं कधी लावले नाहीत. आणि तू खोटं का बोललास ते मी काल रात्रीच विचारून घेतलंय. पोळ्याला तू पुण्यात दुसऱ्या साइटवर काम मागायला गेला होतास. तिथल्या माणसानंही सांगितलं. मामू बेपत्ता झाल्यावर तुला ते सांगायची लाज वाटली."

रिझवाननं मान हलवली. तो रडत होता.

"आता हा हात. मिस्त्रींच्या हाताला ताक आणि शेण होतं. त्यांनी ह्या भोकाची कड धरली. तीन बोटं सिमेंटवर होती, बाकीची तुटलेल्या कडेच्या आत. नंतर तो तुकडा भरला गेला, म्हणून हात मधेच संपतो. पण इथं पाऊस येत नाही. नुसत्या ताकावर शेवाळ धरत नाही, त्याला पाणी लागतं. ते पाणी ज्यानं भोक बुजवलं त्यानंच घालायला लावलं."

"कशासाठी?" शिवराज म्हणाले.

"सवयीनं. मजुरांना सातव्या दिवशी थांबायची सवय आहे. मालकांना सिमेंटमधलं काही कळत नाही, आणि पोळ्याला ते गावात बैलांच्या पुढं चालत होते, सगळ्या गावानं पाहिलंय. एकवीस दिवस पाणी पाहिजे, असं इथं एकच माणूस म्हणतो. त्याला आपलं पाप झाकायचं होतं, पण काम कच्चं राहिलेलं त्याला चालत नव्हतं. साहेब, तुमच्याच पाण्यानं हा हात उगवला."

अभय हसला. पण ते हसू चेहऱ्यावर बसेना. "फळ्यावर कुणीही लिहू शकतं. मी त्या दिवशी घरी होतो."

"माझी कोंबडी!" आवडाबाई एकदम ओरडली. "आवो, तुमी रिक्षातून आलता की! माझी कोंबडी मारली त्या दिवशी!"

"तुमची गाडी वडाखाली होती," संध्या म्हणाली. "स्वतःची गाडी इथं सोडून माणूस रिक्षातून परत कधी येतो? दुसऱ्याची मोटरसायकल स्टेशनवर ठेवून आला असेल, तेव्हा. शिवराजभाऊ, आता फोडू?"

शिवराजनी डोक्यावरची टोपी काढली होती. "फोडा," ते म्हणाले.

रिझवाननं हातोडा घेतला. हिरव्या हाताला धक्का न लावता त्यानं शेजारचा तुकडा फोडला. तिसऱ्या घावाला सिमेंट आत पडलं. पडल्याचा आवाज लगेच आला नाही. मग खूप खालून पाणी वाजलं आणि भोकातून गार हवेचा लोट सगळ्यांच्या तोंडावर आला.

रुक्सारनं राजेंद्रचा हात पकडला. त्यानं तो सोडवला नाही.

"साहेब," संध्या अगदी शांतपणे म्हणाली, "आत काही नाही म्हणता ना? मग पुढं व्हा. आत शिरा आणि दोन पावलं चालून दाखवा."

अभय हलला नाही. भोकाकडं बघत राहिला. डोंगरानं पुन्हा श्वास सोडला, आणि यावेळी तो अगदी जवळून आला.

"मी ढकललं नव्हतं," तो म्हणाला. "मला लेव्हलचं यंत्र घरी न्यायचं होतं, म्हणून गाडी घेऊन आलो. तर हा भिंत फोडून आत उभा. म्हणाला, मालकाला आताच फोन करतो. मी म्हटलं, दसऱ्यानंतर भरून घेतो. पावसाआधी डोंगर उभा करायचा होता, भरायला वेळच नव्हता. तो म्हणाला, पोरं जाणार इथून, पोरं. मी त्याचा फोन ओढला. झटापटीत फरशी निसटली. त्यानं कड धरली होती."

"आणि तुम्ही?" फौजदारांनी विचारलं.

अभयनं हिरव्या हाताकडं पाहिलं.

"मी हात दिला नाही," तो म्हणाला.

सातव्या डोंगराखालून मिस्त्रींना काढायला रात्र झाली नाही. दिवस होता तोवर ते वर आले. शिवराज सांडूंनी स्वतः दोर धरला होता. उद्घाटन झालं नाही.

तीन आठवड्यांनी रुक्सारनं दोघांना किराडपुऱ्यातल्या घरी बोलावलं. तिची अम्मी, कमरुन्निसा, इद्दतीत होत्या. दाराला पडदा होता, त्या आत बसल्या होत्या. दोघं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले.

"बेटी," पडद्याआडून आवाज आला, "तुझं भलं होवो. आता मला माहीत आहे, मी कोण आहे."

संध्यानं पडद्याच्या दिशेनं हात जोडले.

"पण सवय जात नाही. आजसुद्धा हातून दोन ताटं वाढली गेली. माती दिली, सगळं झालं, तरी हात ऐकत नाही."

"माझ्याकडं चहाचे दोन कप होतात," राजेंद्र म्हणाला.

संध्यानं वळून त्याच्याकडं पाहिलं. तो सतरंजीकडं बघत होता.

"किती दिवस झाले, भाई?"

"नऊ महिने होतील. पण मला तरी कळलं होतं, आपा. मी तिच्याजवळ होतो."

पडद्यामागून भांड्याचा आवाज आला. रुक्सार आत गेली आणि एक ताट घेऊन बाहेर आली. वरण, भात, दोन पोळ्या, दोडक्याची भाजी. तिनं ते राजेंद्रच्या पुढं ठेवलं.

"अम्मी म्हणते, हे ताट पावणेदोन महिने वाढून तसंच उचललं जातंय. आज कुणीतरी जेवा."

राजेंद्रनं हात धुतले आणि तो जेवायला बसला. सावकाश जेवला. पानात काही टाकलं नाही.

रुक्सारनं रिकामं ताट आत नेलं. थोड्या वेळानं आतून नळ सोडल्याचा आणि ताट घासल्याचा आवाज येऊ लागला.